मनकर्णाबाईंचा हात

सिल्लोडच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की जे गाव लागतं, तिथं मनकर्णाबाईंच्या हाताला नाव होतं. नाव होतं म्हणजे कुणी शाल-नारळ दिला होता असं नाही. पण उन्हाळी मिरचीची लागवड करायची म्हटलं की आदल्या दिवशी त्यांच्या दारात कुणी ना कुणी येऊन उभं राहायचं. "पयलं रोप तुमच्या हातानं लावायचं बरं का," एवढंच म्हणायचं. मनकर्णाबाई जायच्या, पदर खोचायच्या, सरीच्या तोंडाशी बसून एक रोप लावायच्या, चार बोटांनी माती दाबायच्या आणि चहा पिऊन परत यायच्या. बाकीचं शेत मग मजूर बाया लावायच्या. त्यांनी हात लावलेल्या मिरचीवर रोग पडतच नव्हता का? पडायचा की. पण मग लोक औषधवाल्या दुकानदाराला शिव्या द्यायचे, नाहीतर आभाळाला. मनकर्णाबाईंच्या हाताला कुणी बोल लावायचं नाही. नाव एकदा झालं की असंच असतं.

नवरा गेला त्या वर्षी त्यांनी स्वतःच समजून घेतलं की हे आता संपलं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली होती. लग्नात ओटी भरायची वेळ आली की त्या आपणहून भिंतीकडं सरकायच्या. कुणी तोंडानं काही म्हणत नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं. वैशाखात कडुबा दारात आला. कडुबा हा भावकीतला दीर, शेजारचाच शेतकरी, बोलायला कमी आणि हट्टाला भारी.

"वैनी, रोपं आलीत. उद्या सांजच्याला चला."

"भावजी, मी कशी येऊ आता? दुसरी कोनी सवाशीन बघा."

"रोप हातानं लावायचं हाय. हात तर त्योच हाय ना?"

गावात थोडी कुजबुज झाली. कडुबानं ती ऐकली आणि चिलटं हाकलावीत तशी हाकलून दिली. त्या संध्याकाळी सरीत बसून माती दाबताना मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले. कडुबानं ते पाहिलं आणि उगाचच ठिबकचा पाइप तपासायला पलीकडच्या टोकाला निघून गेला. त्या वर्षी मिरची चांगली आली. पुढच्या वर्षीपासून बाकीचे लोकही पुन्हा दारात येऊ लागले. विधवा झालेल्या बाईला गावानं परत दिलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती त्यांच्या उजव्या हातात होती.

पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि गोकुळनं आईला शहरात आणलं. गोकुळ वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. हर्सूलच्या पुढं, जळगाव रोडला लागून, त्याचं छोटं रो-हाऊस होतं. गच्चीवर उभं राहिलं की सिल्लोडकडं जाणारी एसटी दिसायची. सून प्रेरणा एका पतसंस्थेत कामाला. सून वाईट असती तर मनकर्णाबाईंना निदान भांडायला तरी मिळालं असतं. पण प्रेरणा गुणाची होती, आणि खरी अडचण तीच होती. सासूनं भांड्याला हात लावला की "आई, राहू द्या, मी करते." केरसुणी घेतली की "आई, बाई येईल ना." दिवसातून कितीदा तरी "तुम्ही बसा" ऐकून मनकर्णाबाई खरंच बसून राहिल्या होत्या. गावाकडच्या कुणाचा फोन आला तर त्या म्हणायच्या, "मी गोकुळकडं हाय." घर म्हणायच्या तेव्हा त्यांना गावातलं, कुलूप लावलेलं घर म्हणायचं असे. त्याची किल्ली कडुबाकडं होती.

वैशाखात मात्र त्या न चुकता जायच्या. एक रोप लावून यायच्या आणि मग वर्षभर बसायला त्यांची ना नसायची.

एका थंडीत प्रेरणानं बैठकीच्या खोलीला नवा रंग दिला आणि तिला झाडांची हौस लागली. बाहेरची नव्हे, घरातली. हल्ली लोक सोफ्याच्या कडेला झाड ठेवतात आणि त्याच्याशेजारी बसून मोबाइल बघतात, त्यातली. प्रेरणा सासूला म्हणाली, "आई, झाडं तुम्ही निवडायची आणि तुम्हीच लावायची. तुमच्या हाताचं गावभर नाव आहे, आमच्या घरालाही त्याचा गुण येऊ द्या की." रविवारी सगळ्यांच्या आधी चपला घालून मनकर्णाबाईच फाटकात उभ्या होत्या.

छावणीत चांदपाशाची नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली शेकडो झाडं, आणि मध्ये खुर्चीवर चांदपाशा, हातात पाण्याची नळी. घरातल्या झाडांना ऊन लागत नाही हे ऐकून मनकर्णाबाईंना हसूच आलं.

"ऊन नगं, वारा नगं, मग ते झाड हाय का पाव्हना?"

"पाव्हनाच समजा, मावशी," चांदपाशा म्हणाला. "फकत ज्यादा खातिरदारी नै करायची त्याची."

निवड मात्र त्यांनी आपल्या पद्धतीनं केली. प्रेरणा फुललेल्या, टवटवीत झाडांकडं धावायची. त्या पान उलटं करून खाली कीड आहे का बघायच्या, खोड दोन बोटांत धरून बघायच्या, आणि फुलानं लगडलेलं बाजूला सारून कळ्या असलेलं घ्यायच्या. "फुल्लंय त्याचं झालं समदं. ह्याचं व्हायचंय," असं म्हणून त्यांनी पांढऱ्या फुलाची लिली घेतली. एक पाम घेतला, एक मनी प्लांटचा वेल घेतला. चौथं चांदपाशानं स्वतः पुढं केलं: तलवारीसारखी उभी, पट्ट्यापट्ट्यांची पानं. स्नेक प्लांट. "हे लई चिवट. ह्याला मारून दाखवा, पैसे वापस," तो म्हणाला.

निघताना त्यानं गोकुळसकट तिघांनाही बजावलं. आठ दिवसांतून एकदा पाणी, बस. आणि मुळांना हात लावायचा नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत आहेत, तशाच उचलून शोभेच्या कुंडीत ठेवायच्या.

प्रेरणानं शोभेच्या कुंड्या आधीच आणून ठेवल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, चिनी मातीच्या, खाली भोक नसलेल्या, म्हणजे फरशीवर ओघळ नको. मनकर्णाबाईंनी चारही झाडं आत ठेवली. वरून प्रेरणानं पांढरे गुळगुळीत खडे पसरले. काळी कुंडी दिसेना, माती दिसेना. खोली खरंच छान दिसू लागली. मनकर्णाबाईंनी खडे एकदा नीट सारखे केले आणि हात पुसले. पुसायला हाताला काही लागलं नव्हतं, पण सवय.

आता आठ दिवसांतून एकदा पाणी घालणं या शहरात फार सोपं आहे, कारण नळच साधारण तेवढ्या दिवसांनी येतो. नळाचा दिवस म्हणजे घराघरात धांदल. ताजं पाणी भरायचं तर आधी शिळं पाणी काढायला हवं. माठ विसळायचे, ड्रम घासायचे. आणि ते शिळं पाणी मोरीत ओतून द्यायला मराठवाड्यातल्या माणसाचा हात धजत नाही. ज्यानं टँकरमागं घागर घेऊन पळणं पाहिलंय, तो पाण्याचा तांब्या रिकामा करण्याआधी चार ठिकाणी नजर फिरवतो. मनकर्णाबाई दुपारी माठ आणि हंडे रिकामे करायच्या आणि ते पाणी झाडांना घालायच्या. आठ दिवस झालेच होते. प्रेरणा संध्याकाळी पतसंस्थेतून यायची, स्वयंपाकघरातली स्टीलची टाकी धुवायची आणि तळातलं पाणी झाडांना घालायची. सासूबाईंना वाकायला नको, आणि आठ दिवस झालेच होते. गोकुळ शिफ्ट संपवून यायचा, न्हाणीतला ड्रम घासायला घ्यायचा आणि एक बादली बाजूला काढून बैठकीत न्यायचा. आठ दिवसांचा हिशोब त्यालाही पाठ होता. पाणी वाया जाऊ दिलं नाही या समाधानात तिघंही झोपायची. यात बोलून दाखवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

सगळ्यात आधी मेलं ते कधीच न मरणारं. स्नेक प्लांटचं एक पान बुडातून मऊ पडलं आणि आडवं झालं. मग दुसरं. पामाची टोकं तपकिरी झाली, मग पानं पिवळी. लिलीनं मान टाकली. मनकर्णाबाईंनी आयुष्यभर मान टाकलेली पिकं पाहिली होती, आणि आमच्याकडं पीक मान टाकतं ते तहानेनं. त्यांनी मधल्या वारी आणखी एकेक तांब्या घातला. लिलीनं पुरतीच मान टाकली. मनी प्लांट तेवढा जोमात होता. त्याला पाण्याच्या बाटलीतही राहता येतं.

प्रेरणा एकदाही काही बोलली नाही. उलट "जाऊ द्या आई, होतं असं," म्हणाली. पण त्या सांत्वनानं मनकर्णाबाईंच्या मनात नको ते घर करून बसलं. ज्या झाडाला मारून दाखवा म्हणून विकणारा पैज लावतो, ते आपल्या हातात मेलं. म्हणजे हाताचा गुण गेला. शहरात बसून बसून गेला असेल, नाहीतर वयानं. त्या एकट्या असताना तळहात उघडून बघत बसायच्या. बाकी सगळं गेलं तेव्हा हे राहिलं होतं, आणि आता हेही गेलं, म्हणून त्या एकदा मुकाट्यानं रडल्याही.

वैशाखातली आखिती होऊन गेली आणि कडुबाचा फोन आला. रोपं आलीत, मल्चिंगचा कागद अंथरलाय, कधी येता?

"गुडघे लई दुखायलेत, भावजी. औंदा दुसऱ्या कोनाच्या हातानं उरका."

चार दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा गुडघे. मग आणखी एकदा. कडुबाच्या वर्षाची सगळी भिस्त त्या मिरचीवर असते हे मनकर्णाबाईंना ठाऊक होतं. गुण गेलेल्या हातानं त्याच्या रानात मुहूर्त करायचा आणि त्याचं रान बसलं, तर त्याला तोंड कसं दाखवायचं? त्यानं एके वर्षी गावाला न जुमानता आपल्याला नेलं होतं. त्याचे पांग असे फेडायचे नव्हते. म्हणून त्या नाही म्हणत होत्या. आणि कडुबा तिकडं दुसऱ्या कुणाचा हात लावायला तयार नव्हता. रोपं ट्रेमध्ये दाटीवाटीनं लांबत चालली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती लावण्यालायक राहिली नसती.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. कडुबा उभा होता, पांढऱ्या टोपीत, आणि दोन्ही हातांवर मिरचीच्या रोपांचा ट्रे. सिल्लोडच्या एसटीत तो ट्रे मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टरनं ट्रेचंही तिकीट मागितलं का, हे गोकुळनं हसत विचारलं, पण कडुबा हसायला आलाच नव्हता.

"वैनी, तुमचे गुडघे दुखत असतील तर चालायचं नगं. हितंच कुंडीत एक रोप लावून द्या. मी ते मातीसकट घेऊन जातो आन् सरीत ठिवतो. झाला मुहूर्त."

मनकर्णाबाईंना आता आडोसा उरला नाही. "गुडघ्याचं खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "माझा हात बिघडलाय, भावजी. हे बघा." आणि त्यांनी बैठकीतली ती तीन झाडं दाखवली. प्रेरणा चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. सासूच्या गुडघ्यांसाठी ती रोज तेल गरम करून देत होती.

कडुबानं झाडांकडं पाहिलं. घरातल्या झाडांतलं त्याला काही कळत नव्हतं आणि तसं त्यानं सांगितलंही. "आसंल. पन मी ट्रे वापस नेनार नाय. लावा, नायतर सुकू द्या."

हट्टापुढं इलाज नव्हता. कुंडी तर हवी. मेलेलं स्नेक प्लांट काढायचं ठरलं. मनकर्णाबाई फरशीवर बसल्या आणि पांढरे खडे ओंजळीनं बाजूला काढू लागल्या. घरी झाडं आली त्या दिवसापासून त्यांनी खड्यांना हात लावला नव्हता. सुनेची मांडणी होती, विस्कटायची कशाला. खड्यांखालची काळी कुंडी त्यांनी काठाला धरून उचलली आणि खोलीभर नासलेल्या पाण्याचा वास सुटला. पांढऱ्या कुंडीच्या तळात वीतभर काळं पाणी साचलं होतं. झाड त्यात महिनोन् महिने उभं होतं. त्यांनी मातीत बोटं घातली. माती मुठीत घेऊन दाबली, तर गाळ बोटांतून खाली ओघळला. मुळं कुजून दोऱ्यासारखी झाली होती.

त्या बराच वेळ हातातल्या गाळाकडं बघत राहिल्या. पेरणीआधी मूठभर माती दाबून वाफसा बघायचा, ढेकूळ धरतं का आणि बोटानं टिचकी मारली की फुटतं का, हे त्यांनी लहानपणापासून केलं होतं. मुठीतल्या मातीनं सांगितल्याशिवाय त्यांनी रानात दाणा टाकला नव्हता. आणि इथं, या खोलीत, माती एकदाही मुठीत घेतली नव्हती.

"कोन एवढं पानी घालत होतं?" त्यांनी विचारलं.

"मी घालायचे," प्रेरणा म्हणाली. "नळाच्या दिवशी. तुम्हाला वाकायला नको म्हणून."

"मी पण घालतो ना," गोकुळ म्हणाला. "बादलीभर. प्रत्येकाला पाव-पाव."

"आन् मी माठाचं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

तिघं एकमेकांकडं बघू लागली. प्रेरणाला आधी हसू फुटलं आणि मग ते लगेच विरलं, कारण सासूबाई इतके दिवस कोणता विचार करत बसल्या होत्या ते तिच्या ध्यानात आलं. ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. "आई, ह्यांच्या मातीला तुम्ही हात लावलाच नव्हता. वर खडे पसरून मीच लावू दिला नाही. मातीलाही नाही आणि घरातल्या कशालाच नाही. मला वाटायचं, तुम्हाला आराम."

मनकर्णाबाईंनी प्रेरणाचा हात धरला, पाम शेजारी ओढला, खडे सारले आणि तिचं बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. प्रेरणाच्या नखात माती गेली.

"काय लागतंय?"

"गार. चिकट."

"चिकट लागलं तर पानी नाय. कोरडं लागलं तरच. आठ दिवस हुं दे नायतर महिना. नळाला इचारायचं नाय, मातीला इचारायचं."

मग तिन्ही कुंड्या पालथ्या झाल्या. पामाची निम्मी मुळं अजून पांढरी होती. तो आणि लिली कुजकं छाटून, कोरडी माती घालून फाटकाजवळ सावलीत ठेवले. जगतील किंवा नाही जगणार. स्नेक प्लांट गेलं ते गेलं.

कडुबा हे सगळं चहाची कपबशी हातात धरून बघत होता. "मंग, लावता का रोप?"

"हितं नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "एसटी कितीची हाय?"

गावात पोचल्यावर त्यांनी लगेच लागवड होऊ दिली नाही. ठिबक जास्त चालली होती. मूठभर माती दाबून त्यांनी ती कडुबापुढं धरली आणि मान हलवली. त्या म्हणाल्या, थांबा. तो थांबला. लांबलेली रोपं मळ्यात लिंबाच्या सावलीत थांबली. दोन दिवसांनी संध्याकाळी ऊन कलल्यावर त्यांनी पुन्हा माती दाबली, टिचकी मारली, ढेकूळ फुटलं. मग त्या पदर खोचून सरीच्या तोंडाशी बसल्या. बायका मागं ओळीनं उभ्या होत्या. रोप लावून त्या माती दाबत असतानाच पिशवीतला मोबाइल वाजू लागला. हात मातीनं भरले होते, तेव्हा कडुबानं तो काढून त्यांच्या कानाशी धरला.

"आई, नळ आलाय," प्रेरणा म्हणत होती. "माठातलं पाणी कुंड्यांना घालू का?"

"बोट घातलं व्हतं का?"

"घातलं. अजून चिकट लागतंय."

"मंग नगं. फाटकाबाहेरच्या लिंबाला ओत. आन् गोकुळला सांग, बादली तिकडंच न्यायची."

"सांगते. आणि आई, त्या रिकाम्या कुंडीत काय लावायचं ते तुम्ही आल्यावरच ठरवू. मी काही आणत नाही."

"येते दोन दिसांत," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि मान हलवून फोन पुरे म्हणून खूण केली. कडुबानं मोबाइल पिशवीत टाकला.

"कोन व्हतं?"

"घरून फोन व्हता."

कडुबानं गावाकडं पाहिलं. मनकर्णाबाईंच्या घराला तर कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच कमरेला होती. त्याला उमगायला जरा वेळ लागला. मग तो ट्रेमधून पुढचं रोप काढू लागला.